गवत मरत नाही तेव्हा: तणनाशकाला दाद न देणाऱ्या तणांशी कसं वागायचं

जुलैच्या शेवटी काटोल, कळमेश्वर किंवा उमरेडच्या कुठल्याही कृषी केंद्रावर अर्धा तास उभे राहा. एक तक्रार हमखास कानावर पडते : "भाऊ, तुमचं औषध डुप्लिकेट निघालं. गवत मेलंच नाही." दुकानदार म्हणतो, पाणी कमी मारलं असेल. शेतकरी म्हणतो, दरवर्षी एवढंच मारतो. कधीकधी दोघंही खरं बोलत असतात आणि गवत तरीही उभंच असतं.

वडिलांचं वावर नुकतंच हाती आलेल्यांसाठी, नागपुरातली नोकरी सांभाळून हिंगणा-बुटीबोरीकडे चार एकर घेतलेल्यांसाठी आणि कृषी पदविका करून पहिल्यांदाच काउंटरमागे बसलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. जुन्याजाणत्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना यातलं निम्मं ठाऊक असेल.

"गवताला सवय झाली" हे खरं नाही

आपल्याकडे सरसकट म्हणतात, गवताला औषधाची सवय झाली. दारूची होते तशी. पण एका झाडाला औषधाची सवय होत नाही. वावरात एका जातीच्या तणाची लाखो रोपं उगवतात. त्यांत एखाद-दुसरं जन्मतःच वेगळं असतं आणि त्याच्यावर ते औषध चालत नाही. तुम्ही फवारता, बाकीची मरतात, ते एक राहतं. आता त्याला जागा मोकळी, खत मोकळं, ऊन मोकळं. ते भरभरून बी सोडतं. पुढच्या वर्षी तेच औषध, तीच फवारणी. चार-सहा वर्षांत वावरात त्याचीच पिलावळ. औषधानं ते तण घडवलं नाही, फक्त निवडून ठेवलं. यालाच तणाचा प्रतिकार म्हणतात.

विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा बीजी-२ आला, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं त्याच पऱ्हाटीची बोंडं पोखरली. त्या बियाण्यावर जगू शकणाऱ्या अळ्या मागे राहिल्या आणि त्यांचीच पैदास वाढत गेली. तिथं अळी होती, इथं गवत आहे.

झाडाच्या आत दोन गोष्टी घडू शकतात. सोयाबीनमध्ये मारलं जाणारं इमॅझेथापायर घ्या. वनस्पतीला काही अमिनो आम्लं तयार करायला एक विकर (एन्झाइम) लागतं. औषध त्या विकरात किल्लीसारखं अडकतं आणि काम बंद पाडतं. वेगळ्या झाडात त्या कुलपाचा आकार किंचित निराळा असतो, त्यामुळे किल्ली बसतच नाही. मग डोस दुप्पट करा की चौपट, बऱ्याचदा उपयोग होत नाही. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. यात झाड औषध पचवून टाकतं. गव्हात तणनाशक मारलं तरी गहू मरत नाही, कारण गहू ते पचवतो. तणालाही तेच जमलं, तर कधी न वापरलेलं दुसरं औषधसुद्धा ते पचवू शकतं.

हरियाणात हेच झालं. तिथं गव्हात मंडूसी नावाचं गवत असतं, गुल्ली डंडा म्हणतात त्याला. लहान असताना गव्हापासून वेगळं ओळखू येत नाही. भात आणि गहू, पुन्हा भात आणि गहू, आणि गव्हात दरवर्षी आयसोप्रोट्युरॉन. दहा-पंधरा वर्षं औषध छान चाललं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मरेनासं झालं. काही शेतकऱ्यांवर हिरवा गहू वैरणीसाठी कापून टाकायची पाळी आली. नवी औषधं आली, काही वर्षं टिकली, मग त्यांनाही मंडूसी पुरून उरली. ज्यांनी मधूनच ऊस, बरसीम किंवा सूर्यफूल घेतलं त्यांच्याकडे त्रास कमी राहिला.

आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये, आणि केरळमध्येही, धानातलं मोथ्याच्या कुळातलं एक तण बिसपायरीबॅक सोडियम या तणनाशकाला दाद देत नसल्याचं संशोधनातून समोर आलं आहे. मौदा, रामटेक, कुहीकडे धान लावणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं, कारण रोवणीनंतर आपल्याकडेही तीच बाटली उघडली जाते. आणि अमेरिकेत कापसात पाल्मर नावाचा माठ आहे, आपल्या काटेमाठाचा चुलतभाऊ. २००५ मध्ये जॉर्जिया राज्यात तो ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देता उभा राहिला. एका झाडाला लाखो बिया. तिथल्या शेतकऱ्यांना पुन्हा मजूर लावून खुरपणी करावी लागली. हे वाचून मला आमच्याकडच्या निंदणाच्या बायका आठवल्या.

पायरी १ : आधी स्वतःची चूक शोधा

हे सांगितलं की लोकांना आवडत नाही. पण "गवत मेलं नाही" म्हणून येणाऱ्या प्रकरणांत बहुतेक वेळा प्रतिकार नसतोच, फवारणी चुकलेली असते. माझंच उदाहरण सांगतो. सोयाबीनच्या एका तुकड्यात सावा दोन वर्षं लागोपाठ उभा राहिला. मी गावभर सांगून टाकलं की गवत औषधाला ऐकेना. पुढे तपासलं तर चूक माझीच होती.

हिशेब असा. इमॅझेथापायर १० टक्के एकरी ४०० मिली, पाणी २०० लिटर. पंप १५ लिटरचा, म्हणजे एकराला साधारण १३ पंप. दुकानदारानं सांगितलं होतं, "पंपाला ३० मिली टाका." १३ पंप मारले तर ३९० मिली जातं, बरोबर. पण फवारणारा गडी उन्हात भराभर चालत एकर सात पंपांत उरकत होता. सात गुणिले तीस, २१० मिली. निम्मा डोस! अर्ध्या डोसात कमजोर गवत मरतं आणि थोडं तगडं वाचतं. म्हणजे प्रतिकार नसला तरी आपणच तो जोपासायला बसतो.

तुमचा पंप आणि तुमचा गडी एकराला किती पाणी टाकतो, हे मोजायचा सोपा मार्ग आहे. १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखा. पंपात मोजून साधं पाणी भरा, नेहमीच्या चालीनं तो चौकोन फवारा. किती लिटर लागलं त्याला ४० नं गुणा. ५ लिटर लागलं तर एकरी २०० लिटर. ३ लिटर लागलं तर १२०. पाणी कमी पडत असेल तर चाल हळू करा किंवा नोझल बदला. तणनाशकाला चपटा पट्टा टाकणारं नोझल लागतं. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल लावून तणनाशक मारणं ही आपल्याकडची सर्रास चूक आहे.

बाकी कारणं भराभर सांगतो. नाल्याचं किंवा शेततळ्याचं गढूळ पाणी : ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट मातीच्या कणांना चिकटून निकामी होतात. फवारल्यावर तासाभरात आलेली सर. पावसाची उघडीप लांबून सुकलेलं, धुळीनं माखलेलं गवत, जे औषध ओढूनच घेत नाही. बाटलीसोबत मिळालेली पुडी किंवा चिकट द्रव्य "कशाला उगाच" म्हणून घरीच ठेवणं. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे उशीर. लेबलवर दोन ते चार पानांचं तण लिहिलेलं असतं. झड लागते, आठ-दहा दिवस काळ्या मातीत पाय ठेवता येत नाही, उघडलं की गवत वीतभर झालेलं असतं. तेव्हा मारलेलं औषध पानं पिवळी करतं आणि पंधरा दिवसांत गवत पुन्हा हिरवं होतं.

शिवाय इमॅझेथापायर सावकाश काम करतं. वाढ लगेच थांबते, पण झाड मरायला दोन-तीन आठवडे जातात. आठव्या दिवशी "काहीच झालं नाही" म्हणून दुसरा फवारा काढणारे दरवर्षी भेटतात.

मग काही तणं अशी आहेत की ती औषधाच्या यादीतच नव्हती. क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तणं मारतं. ते मारून दुधी, कुंजरू, तरोटा मेला नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. लव्हाळ्यावरही ते चालत नाही, कारण लव्हाळा दिसायला गवतासारखा असला तरी त्या कुळातला नाही. केना तर फसवाच. पानं रुंद आणि वाढ गवतासारखी, त्यामुळे कोणत्या औषधाच्या हिशेबात धरावा हेच नवख्याला कळत नाही. ग्लायफोसेटलाही तो मुळातच बराचसा सोसतो. संत्र्याच्या बागेत वर्षानुवर्षं ग्लायफोसेट मारलेल्या काटोल-नरखेडच्या शेतकऱ्यांना विचारा, बाकी सगळं गेलं आणि केना पसरला. ही जन्मजात सहनशीलता. याला प्रतिकार म्हणत नाहीत. प्रतिकार म्हणजे पूर्वी ज्या औषधानं जी जात मरत होती, तिच्यातलीच काही झाडं आता योग्य डोसलाही मरत नाहीत.

हरळी, कुंदा, कांस यांचंही तसंच. वरचं जळतं आणि खालच्या मुळ्या-गड्ड्यांतून पुन्हा फुटतं.

एवढं सगळं बरोबर होतं आणि तरीही गवत उभं राहिलं? मग जमिनीजवळ बसून बघा. शंका घ्यावी अशी खूण म्हणजे एकाच जातीचं मेलेलं झाड आणि त्याला खेटून टवटवीत झाड. दुसरी, बाकी सगळी तणं मेली आणि एकच जात राहिली, जी आधी मरत असे. तिसरी, गवत पट्ट्यापट्ट्यानं न राहता एका ठिकाणी पुंजक्यानं आहे आणि मागच्या वर्षी तिथंच छोटा पुंजका होता. लांब सरळ पट्टा दिसला तर नोझल चोंदलं होतं असं समजा. फवारणीनंतर नव्यानं उगवलेलं गवत वाचलेलं समजू नका. झाड उपटून खालची पानं बघा. वाचलेल्या झाडावर पिवळे किंवा जळके डाग असतात, नव्या उगवणीवर काहीच नसतं.

पायरी २ : बाटलीवरचं मोठं नाव सोडा, बारीक नाव वाचा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. बाटलीवर ठसठशीत असतं ते कंपनीनं दिलेलं नाव. खाली बारीक अक्षरांत असतं ते औषधाचं खरं नाव. मी तीन वर्षं तीन वेगवेगळ्या रंगांच्या बाटल्या आणल्या आणि औषध आलटून-पालटून वापरतोय म्हणून खूश होतो. एका पावसाळी दुपारी रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडून वाचल्या, तर तिन्हींत इमॅझेथापायर.

पण नाव बदललं तरी काम संपत नाही. तणनाशकं झाडात कुठं वार करतात त्यावरून त्यांचे गट पाडले आहेत आणि गटांना आकडे दिले आहेत. आपल्याकडच्या बहुतेक लेबलांवर हा आकडा सापडत नाही, म्हणून नागपूर भागात विकल्या जाणाऱ्यांपुरता इथं देतो. कागदावर लिहून फवाऱ्याच्या खोलीत चिकटवा.

गट १, फक्त गवतवर्गीय तणांवर : क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, फ्लुॲझिफॉप.

गट २ : सोयाबीन-तुरीतलं इमॅझेथापायर, त्याच्यासोबत येणारं इमॅझामॉक्स, पेरणीनंतर लगेच मारायचं डायक्लोसुलाम, पऱ्हाटीतलं पायरीथायोबॅक सोडियम, धानातलं बिसपायरीबॅक आणि पेनॉक्सुलाम, गव्हातलं मेटसल्फ्युरॉन आणि सल्फोसल्फ्युरॉन. यादी बघा केवढी लांब आहे. जगात सगळ्यांत जास्त तणांनी याच गटाला धूप घातली नाही.

गट ३ पेंडीमिथॅलिन. गट ४ मध्ये २,४-डी. गट ५ ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, आणि हरियाणातलं ते आयसोप्रोट्युरॉन. गट ९ ग्लायफोसेट. गट १४ मध्ये ऑक्सिफ्लोरफेन, ॲसिफ्लुओरफेन सोडियम, फोमेसाफेन, सल्फेंट्राझोन. गट १५ प्रेटिलाक्लोर, ब्युटाक्लोर. गट २२ पॅराक्वाट.

आता गंमत बघा. सोयाबीन पेरल्यावर डायक्लोसुलाम मारलं आणि वीस दिवसांनी इमॅझेथापायर. दोन औषधं, दोन बिलं, दोन दिवसांची मजुरी. गट मात्र एकच, गट २. इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्सचं तयार मिश्रण घेतलं, तर बाटलीवर दोन नावं आणि गट पुन्हा एकच.

त्याहून बारीक गोष्ट मिश्रणांची. ॲसिफ्लुओरफेन सोडियम आणि क्लोडिनाफॉप एकत्र येतं, गट १४ आणि गट १. गट वेगळे आहेत, मिश्रण उपयोगाचंही आहे. पण त्यातलं एक मुख्यतः रुंद पानांवर चालतं आणि दुसरं फक्त गवतवर्गीयांवर. म्हणजे सावा मारायला प्रत्यक्षात क्लोडिनाफॉप एकटंच आहे. मिश्रणानं प्रतिकार लांबवायचा असेल तर दोन्ही घटकांनी तेच तण मारलं पाहिजे. दुकानात "डबल ॲक्शन" ऐकलं की विचारा, माझ्या वावरातल्या या तणावर यातलं कोणकोण चालतं?

पायरी ३ : एक वही

दोनशे पानी कशाला, चाळीस पानी पुरते. तारीख, तुकडा, बाटलीवरचं बारीक नाव, गट, एकरी किती, किती पंप, तण किती पानांचं, पंधरा आणि तीस दिवसांनी काय राहिलं. राहिलं त्या जागेची धुऱ्यापासून पावलं मोजून लिहा किंवा मोबाईलवर फोटो काढा. बटईनं किंवा मक्त्यानं वावर घेतलं असेल तर आधीच्या माणसाकडून मागच्या तीन वर्षांचं तोंडी का होईना विचारून घ्या.

पायरी ४ : नर्सरीच्या पिशव्यांतली परीक्षा

शंका खरी की खोटी हे घरी तपासता येतं. मी तपासलं म्हणूनच माझा सावा निर्दोष सुटला.

सप्टेंबरच्या सुमारास, फवारणीतून वाचलेल्या झाडांचं बी पिकलं की कागदी पाकिटात झाडून घ्या. एकाच झाडाचं नको, दहा-वीस झाडांचं घ्या. त्याच जातीचं बी अशा ठिकाणाहूनही आणा जिथं कधी फवारा गेला नाही : गावठाणाची पडीक जागा, देवळामागचं रान. हे तुलनेचं बी, याच्याशिवाय परीक्षेला अर्थ नाही. दोन्ही पाकिटं घरात कोरडी ठेवा. ताजं बी बहुतेक उगवत नाही, त्याला काही महिने झोप लागते. कडक सालीचं बी असेल तर दोन खरकागदांमध्ये हलकं घासून घ्या.

उन्हाळा उतरताना, मे-जूनमध्ये, संत्र्याची कलमं भरतात तसल्या काळ्या पिशव्या आणा. दोन्ही बियाण्यांच्या पंधरा-पंधरा. पिशवीत तणाचं बी नसलेली माती भरा, बी टाका, उगवल्यावर विरळून पाच-सहा रोपं ठेवा. दोन ते चार पानांवर आली की तीन भाग करा. एकावर साधं पाणी. दुसऱ्यावर पूर्ण डोस. तिसऱ्यावर दुप्पट. एकरी ४०० मिली दोनशे लिटर पाण्यात म्हणजे लिटरला २ मिली, दुप्पट म्हणजे ४. पिशव्या ओळीत मांडून मोजलेल्या चालीनं, वावरात मारता तसंच मारा. औषधाची बाटली नवी, मुदतीतली आणि पावतीसकट घेतलेली असू द्या. नाहीतर पुन्हा डुप्लिकेटचा वाद.

एकवीस दिवसांनी बघा. पूर्ण डोसला रानातलं बी मेलं आणि वावरातलं जगलं, तर शंका खरी मानायला हरकत नाही. दुप्पट डोसलाही जगलं तर फारच. दोन्ही जगली तर बाटली किंवा फवारा चुकला. दोन्ही मेली, तर चूक वावरात झाली होती. माझ्याकडे दोन्ही मेली. सात पंपांची गोष्ट मला अशी कळली.

पायरी ५ : हंगामात काय करायचं

उन्हाळ्यात नांगरट करून वावर तापू द्या. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन तसंही कोणाच्या कामाचं नसतं. हरळी आणि कुंद्याच्या मुळ्यांना ते पुरतं.

मृगाचा पाऊस झाला की पेरायची घाई होते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ते दुबार पेरणी टाळण्यासाठी. पण त्या थांबण्यात आणखी एक फायदा दडलेला आहे. पहिल्या पावसानं गवताची पहिली पिढी हिरवीगार उगवते. वापसा आला की वखराची उथळ पाळी मारून ती सगळी कापून टाका आणि मगच तिफण धरा. वखराला कुठल्याही गटाचं गवत प्रतिकार करत नाही. पाळी खोल मात्र नको, नाहीतर खालचं झोपलेलं बी वर येतं.

पेरणीनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत, जमीन ओली असताना पेंडीमिथॅलिन. गट ३, म्हणजे पुढच्या गट १ किंवा २ वरचा भार हलका होतो. ढेकळं राहिली किंवा जमीन कोरडी असली तर पैसे वाया. एवढं जमलं तर उगवणीनंतरच्या फवाऱ्याची गरज दरवर्षी पडेलच असं नाही, आणि जे औषध मारलंच नाही त्याला प्रतिकार येत नाही.

मग डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधून डवरा फिरवून गवत काढणं. पंधरा-वीस दिवसांनी एक, तीस-पस्तीसला दुसरी, फुलं लागायच्या आत. झड असली तर डवरा चालत नाही, हे मलाही कळतं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर निंदणाचा एकरी खर्च सोयाबीनच्या भावाला परवडत नाही, म्हणूनच तर सगळे बाटलीकडे वळले. पण दोन डवरण्यांपैकी एक जरी झाली तरी वाचलेल्या झाडांपैकी बरीच तिथंच जातात. केन्याचं तेवढं जपून. ओल्या दिवसात कापलेला केना पेरापेराशी पुन्हा मुळं धरतो. तो उचलून बाहेर काढावा लागतो. जमिनीखालीही तो फुलतो आणि तिथंच बी धरतो, म्हणून मुळासकट.

पीक फिरवा. सोयाबीनमागे सोयाबीन लावत राहिलात तर गट २ मागे गट २ येणारच. तूर, ज्वारी, मका मधे आले की औषधंही बदलतात, पेरणीची वेळही बदलते. सोयाबीनवर गव्हात मेटसल्फ्युरॉन मारणाऱ्यांना वाटेल, हाही गट २ च की. खरं आहे. पण खरिपातली आणि रब्बीतली तणं बरीचशी वेगळी, त्यामुळे एवढं घाबरायचं कारण नाही. गाजर गवतासारखी बारमाही मंडळी मात्र दोन्ही फवारे खातात.

२,४-डी बद्दल एक इशारा, विषय थोडा बाजूचा असला तरी. ते मारलेला पंप न धुता पऱ्हाटीत नेऊ नका. शेजारच्या गव्हातून वाऱ्यानं आलेलं एवढंसं औषधही पऱ्हाटीची पानं बेडकाच्या पायासारखी करून टाकतं. २,४-डी साठी वेगळा पंपच ठेवा.

पायरी ६ : पोळ्याच्या आत वावर फिरा

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी केलं जाणारं काम हे. फवाऱ्यातून, डवऱ्यातून जे वाचलं ते सोयाबीनच्या वर डोकं काढतं. पोळ्याच्या सुमारास ते लांबूनही दिसतं, आणि बहुतेकांचं बी तेव्हा अजून पक्कं झालेलं नसतं. तेव्हाच उपटा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत मारबत निघते. काळी-पिवळी मारबत बघायला जाच, पण आदल्या आठवड्यात वावराला एक चक्कर मारून या, कारण गवत ती नेत नाही.

उपटलेलं धुऱ्यावर फेकू नका. बी धरलं असेल तर पोत्यात भरा. धुराही स्वच्छ ठेवा, तिथलं बी पहिल्या पाण्यात वावरातच येतं.

काढणीला हार्वेस्टर किंवा मळणीयंत्र भाड्यानं येतं आणि कालचं वावर कुठलं होतं हे आपण विचारत नाही. वावरात शिरायच्या आधी यंत्र झाडून घ्यायला लावा. ड्रायव्हर कुरकुरतो, चहा पाजा. तुमच्याच वावरात शंकेचा तुकडा असेल तर तो सगळ्यांत शेवटी काढा. त्या तुकड्याचं कुटार ढोरांना घालून शेण पुन्हा त्याच वावरात नेऊ नका, काही बिया ढोराच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडतात. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा. आणि पुढच्या हंगामाचं सोयाबीन बियाणं त्या तुकड्यातून धरू नका.

चोर बीटीचं काय

लोक विचारतात म्हणून. ग्लायफोसेट मारलं तरी न मरणाऱ्या कापसाला आपल्याकडे चोर बीटी म्हणतात. त्याला देशात मान्यता नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी जाहीरपणे तो पेरून आंदोलन केलं होतं. मजुरीचा प्रश्न खरा आहे, त्या बाजूनं मलाही बोलता येईल. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्रानं ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता ठेवण्याची अधिसूचना काढली. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब उरतोच. विनापावतीच्या पाकिटात काय आहे याची हमी कोणाची? आणि पूर्ण वावरावर एकच औषध, हंगामात दोन-तीनदा, वर्षानुवर्षं. जॉर्जियाच्या माठानं नेमकी हीच वाट धरली होती.

शंका खरी निघाली तर

घाबरून दुप्पट डोस मारू नका, आणि चार औषधं एका पंपात कालवू नका. यवतमाळात २०१७ मध्ये कीटकनाशकांच्या विषबाधेनं काय झालं ते विसरण्यासारखं नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ, हे तणनाशकालाही लागू.

त्या तुकड्यापुरता तो गट दोन-तीन वर्षं बंद ठेवा. पुंजका छोटा असेल तर विळ्यानं, हातानं काढा, बी पडू देऊ नका. मोठा असेल तर तिथं वैरणीची ज्वारी घ्या. ती गवताला बी धरायच्या आत कापली जाते आणि त्यातली औषधंही वेगळ्या गटाची आहेत.

आणि कोणाला तरी सांगा. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या आवारात कृषी विज्ञान केंद्र आहे. महाराजबागेजवळ १९०६ पासूनचं कृषी महाविद्यालय आहे. खास तणांवर काम करणारं देशाचं संचालनालय आपल्या शेजारीच, जबलपूरला आहे. जाताना "गवत मरत नाही" एवढंच घेऊन जाऊ नका. वही न्या, पिशव्यांच्या परीक्षेचे फोटो न्या, बाटलीचं लेबल न्या, मुळासकट एक झाड वर्तमानपत्रात दाबून न्या. आणि बी न्या, दोन्ही प्रकारचं, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत, वर गाव, पीक आणि तारीख लिहून. प्लास्टिकच्या पिशवीत नको. ओल राहिली तर आठवडाभरात बुरशी धरते आणि तपासायला काहीच उरत नाही.